बावीस किलोमीटरवर मुक्काम

शुक्रवारी संध्याकाळी लग्न मोडलं.
फेगड्यांच्या मुलीचं. मी फक्त फोटो काढणार होते.
दोन्ही कॅमेरे चार्ज, लेन्सा पुसलेल्या,
आणि शनिवार-रविवार असे समोर पडलेले,
मांडव सोडल्यावरच्या मैदानासारखे.

आबा म्हणाले, हतनूरला त्या फळ्यांची शर्यत आहे ना,
पॅडलबोर्ड का काय. चाल, निघू.
आबा, बावीस किलोमीटर. पहाटे जाऊन दुपारी परत येता येतं.
नाही, मुक्कामानं जाऊ.
गाडी घेतली कशाला मग?

गाडी म्हणजे लिलावातली ॲम्ब्युलन्स,
रिटायर झाल्यावर आलेल्या फंडातून घेतलेली.
आत शेगडी, पाण्याची टाकी,
खिडकीला आईच्या जुन्या पातळाचा पडदा.
स्ट्रेचर तसंच ठेवलंय, त्यावर आबा झोपतात.
आईनं पडदा दिला, पण ती आली नाही.
त्या गाडीत मी माझ्या पायांनी चढणार नाही, म्हणाली,
आणि भरिताचा डबा दिला, कळण्याच्या भाकरी,
कांद्याची पात वेगळ्या पुडीत.

छत्तीस वर्षं इंजिन चालवलेला माणूस
रस्त्यावरही सिग्नल मोठ्यानं वाचतो.
वरणगावच्या वळणावर: पिवळा.
केळीच्या बागा लागल्या: हिरवा. हिरवा.
लोक न मागता वाट देतात.
एक म्हातारा सायकलवरून उतरला,
टोपी काढून उभा राहिला.
आबांनीही मान लववली. काय करणार.

रात्री पाण्याच्या पलीकडून चक्रवाक ओरडत होते, जोडीजोडीनं.
फेगड्यांच्या पत्रिकेवर हेच छापलेले होते का,
की हंस होते?
आठवेना. थंडीत नाक गार पडलेलं,
आणि आबा स्ट्रेचरवर, बेल्ट लावून, घोरत.

सकाळी धुकं फाटलं तेव्हा एकेचाळीस फळ्या,
पोपटी, नारिंगी, हळदी,
प्रत्येकीवर एक माणूस उभा, हातात एकच वल्हं.
सुरतेचे, पुण्याचे,
आणि एक पोरगा टहाकळीचा,
जो केळीच्या खांबांचा तराफा करून उभं राहायला शिकलेला.

जन्मभर मी लोकांना सांगत आले:
इकडे बघा, हनुवटी जरा वर, हसा.
इथं कोणी माझ्याकडे बघेना.
सगळ्यांच्या नजरा आपल्याच फळीच्या टोकापुढं चार हात,
पाणी जिथं अजून फुटलेलं नाही तिथं.
आबा कुजबुजले, रूळ कुठायत यांना?

दुसऱ्या वळणावर थर्माकोलच्या तराफ्यावर
एक भोई बसलेला, गुडघे पोटाशी.
शर्यत त्याच्याकडे येताना त्यानं पाहिली,
आणि उठून उभा राहिला, दोन्ही हात वर.

लाल! आबा एवढ्या जोरात ओरडले
की काठावरचे पंच दचकले.
दोन्ही हात वर म्हणजे धोका, पोरी, जागच्या जागी थांब.

आणि शर्यत थांबली.
वल्ही आडवी, गुडघे वाकलेले,
एकेचाळीस माणसं आपापल्या डोलत्या सावलीवर.
माह्या जाळ्यावरून जासान तं फाटीन ना, तो म्हणाला.
पाण्यावरून ते थेट आमच्यापर्यंत आलं, रागावल्याशिवाय.
मग त्यानं जाळं ओढलं. वाव, वाव,
मधेच एक चकाकता मासा सोडवून पायाशी टाकला,
पुन्हा वाव, वाव.
कोणी घड्याळ बंद केलं असेल तर मला माहीत नाही.

मी एकशे बारा फोटो काढले.
सगळे थांबलेले.
जिंकलं कोण ते पाहिलंच नाही,
कार्ड भरलं होतं, आणि आबांना चहा हवा होता.

परतताना केळीचा ट्रॅक्टर बाजूला झाला.
ड्रायव्हर वाकून आत बघत म्हणाला,
पेशंट कुठाय, काका?
आबांनी आरशातून मला पाहिलं.
मी मांडीवर कॅमेरा धरून, उरलेली भाकरी खात होते.
हिरवा, म्हणाले, आणि गिअर टाकला.